रिकामं आसन आणि उन्हाळ्यातला गाइड

भंडारा जिल्ह्यात उन्हाळा हा गाइडचा हंगाम. मार्च सरता सरता नाले आटतात, जनावरं पाणवठ्यावर यायला लागतात आणि कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला इथल्या फाटकांवर भल्या पहाटे जिप्स्यांची रांग लागते. गाडीत आसपासच्या गावातला गाइड बसतो. वाघ दिसेलच अशी खात्री त्याला देता येत नाही. तो दाखवतो धुळीत उमटलेला पंजा, सागाच्या खोडावरचे नखांचे ओरखडे. वानराचा कॉल आला की हात वर करून गाडी थांबवतो. ठसा नराचा की मादीचा, पहाटेचा की रात्रीचा, हे कडा किती ढासळल्या त्यावरून आणि आकारावरून सांगतो. समोर नसलेलं जनावर खुणांवरून उभं करणं, ही त्याची खरी विद्या. जुन्या वास्तूत पाहुण्यांना फिरवणाऱ्या माणसाकडेही नेमकी हीच विद्या लागते. म्हणून माझं म्हणणं असं, की ज्या पवनीच्या फाटकावर ती रोज कामाला येते, त्या पवनीच्या इतिहासालाही ती मिळायला हवी.

पवनीत पाहण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्याला वैनगंगेकाठचा मातीचा तट आणि खंदक दिसतो, बाकी टेकड्याच. त्यांतल्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केलं. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या त्या कामातून दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. कठड्याच्या दगडांवर ब्राह्मीत दान देणाऱ्यांची नावं निघाली. एका शिल्पात पाच फण्यांचा नाग आहे, नाव कोरलंय मुचरिंद. ज्ञानप्राप्तीनंतर वादळी पावसात बुद्धांवर फणा धरणारा मुचलिंद तो हाच. पण फण्याखाली बुद्ध नाहीत, रिकामं आसन आहे. त्या काळच्या शिल्पकारांनी बुद्धांना माणसाच्या रूपात दाखवलं नाही; झाड, आसन, पावलं, चक्र एवढ्यावरच भागवलं. बघणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर तो शिल्पाकडे नाग म्हणून बघतो आणि पुढे जातो. आसन रिकामं का, एवढाच प्रश्न कुणी विचारला, तर तोच माणूस दगडापुढे दहा मिनिटं थांबेल.

रिकाम्या आसनाचंच दुसरं घर विदर्भात आहे, सेवाग्रामची बापूकुटी. गांधीजी १९३६ साली शेगावात राहायला आले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला तेव्हा गावाचं नाव सेवाग्राम झालं. ऑगस्ट १९४६ मध्ये त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा तिथं येणं झालं नाही. मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. आत जमिनीवर बैठक आणि बुटकं मेज. भिंतीवर मीराबेननी मातीतून उठवलेली झाडं. साप मारायचा नाही, पकडून लांब सोडायचा, म्हणून ठेवलेला चिमटा आणि पेटी. आणि याच आवारात सरकारने बसवून दिलेला टेलिफोन! ज्या माणसाला तुरुंगात टाकायचं त्याच्याशी बोलण्याचीही गरज सरकारला पडत होती, हे सारं राजकारण त्या एका वस्तूत आहे. चांगला गाइड चरित्र घोकत नाही. तो टेलिफोन आणि चिमटा दाखवतो, आणि या दोन वस्तू एकाच माणसाच्या घरात कशा, ते पाहुण्याला शोधायला लावतो. नवतपाच्या दिवसांत तर तो पाहुण्यांना नुसतं जमिनीवर बसवतो. बाहेर झळा, आत गारवा. ही भिंत मातीची का, हे मग सांगावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, अशा जागी शांतताच हवी, फलक पुरेत. विचारवंत इव्हान इलिच १९७८ च्या जानेवारीत सेवाग्रामला आले, या कुटीत नुसते बसून राहिले, आणि त्या बसण्यातूनच घर म्हणजे काय यावर बोलले. आक्षेपात तथ्य आहे. पण इलिच जन्मभराचं वाचन घेऊन बसले होते. साकोलीहून सहलीला आलेल्या सातवीच्या मुलीला तेवढी शिदोरी कुठून मिळायची? तिला एक बोलतं माणूस लागतं, आणि गप्प केव्हा व्हायचं हेही त्याच माणसाला कळावं लागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. सुट्टीपुरती नेमलेली गावची पोरं दंतकथा सांगतील, राजाराणीच्या गोष्टी रंगवतील. भीती खरी आहे. पण ही सवय लागते ती शिकवणीच्या अभावी. जंगलातला गाइड ठसा नसताना ठसा आहे म्हणाला, तर दुसऱ्या जिप्सीतला गाइडच त्याला पकडतो. इतिहासातही तशी शिस्त दोन क्रियापदांवर लावता येते: 'सापडलं' आणि 'म्हणतात'. ब्राह्मी लेख सापडला. अमुक राजा इथं राहिला असं म्हणतात. दोन्ही सांगावं, लोककथेची लाज कशाला? मात्र एकाच्या जागी दुसरं वापरू नये. उत्खननाचा अहवाल १९७२ मध्येच छापून आला आहे. बारावी झालेल्या मुलाला त्यातलं कामापुरतं शिकवायला पंधरवडा खूप झाला.

आणि स्तूप बघायला येतो कोण, या प्रश्नाचं उत्तर फाटकावरच आहे. २०१३ मध्ये नागझिऱ्याहून चालत आलेल्या 'जय' वाघाने उमरेड-पवनी-कऱ्हांडलाचं जंगल साऱ्या देशाला माहीत करून दिलं. २०१६ च्या एप्रिलनंतर तो कुणाला दिसला नाही, लोक मात्र यायचे थांबले नाहीत. सकाळची सफारी दहाच्या सुमारास संपते, दुपारची तीनच्या आसपास सुरू होते. मधले चार-पाच तास पर्यटक खोलीत पंख्याखाली लोळून काढतात. त्या उन्हात त्यांना टेकडीवर नेणं क्रूरपणाच होईल. पण पवनीतलं एखादं जुनं मातीच्या भिंतींचं घर नीट सारवून घेतलं, वर नवे कवेलू घातले, तर ते दुपारीही गार राहील. बाहेरच्या संग्रहालयांत गेलेल्या शिल्पांच्या प्रतिकृती त्यात मांडता येतील. दाराजवळ माठ, बसायला चटया, आणि समोरच्या भिंतीला, बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, तो पाच फण्यांचा नाग. सकाळी जिप्सीत बसलेला गाइडच आंघोळ-जेवण आटोपून बाराला तिथं येईल आणि पाहुण्यांना विचारेल, इथं कोण बसलंय?