बाहुलीची कंबर आणि पालकांचे मत

मकरसंक्रांतीस सोलापुरात श्रीसिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरली, की होम मैदानावरील खेळण्यांच्या दुकानांपुढे लांब केसांच्या, निमुळत्या कमरेच्या बाहुलीसाठी मुली हट्ट धरतात आणि पालक संभ्रमात पडतात. हा संभ्रम रास्त आहे. मात्र त्यात काही गैरसमजही मिसळलेले आहेत.

गैरसमज : प्रौढ स्त्रीच्या रूपाची बाहुली ही आपल्याला अपरिचित अशी विलायती टूम आहे.

वस्तुस्थिती : 1959 साली अमेरिकेत अवतरलेल्या बार्बीचा आराखडा, प्रौढांसाठी विकल्या जाणाऱ्या लिली नामक जर्मन बाहुलीवरून घेतलेला होता, हे खरे, परंतु ज्या घरांत बाहुला-बाहुलीची लग्ने यथासांग लागत आणि विहिणींचे रुसवे-फुगवेही साग्रसंगीत पार पडत, तेथील लुगडे नेसलेली चिंध्यांची बाहुली काही तान्हे बाळ नव्हती.

गैरसमज : बारीक कंबर केवळ सौंदर्याच्या कल्पनेतून आली.

वस्तुस्थिती : साडेअकरा इंचांच्या बाहुलीत मानवी देह सुमारे एक षष्ठांश होतो, पण कापडाची जाडी त्या प्रमाणात घटत नाही, साहजिकच चुण्या, दुमड आणि शिवण कमरेवर एकत्र आली की तेथे गठ्ठा होतो, म्हणून कंबर मुळातच बारीक ठेवावी लागते, आणि ही अडचण विणकर-शिंप्यांच्या सोलापुरास निराळी सांगावयास नको. तथापि कारण तांत्रिक असले म्हणून परिणाम निर्दोष ठरत नाही. साडेपाच ते साडेआठ वर्षांच्या 162 मुलींवरील, 2006 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासात, बार्बीची चित्रे पाहिल्यावर विशेषतः लहान वयाच्या मुलींत स्वतःच्या शरीराविषयी असमाधान वाढल्याचे आढळले.

गैरसमज : पालकांच्या तक्रारीची दखल कोणी घेत नाही.

वस्तुस्थिती : विक्रीपूर्व पाहणीतच अनेक मातांनी बार्बीविषयी नापसंती नोंदविली होती, परंतु ही बाहुली मुलींना नीटनेटकेपणा शिकवील, अशी त्यांची समजूत घालण्यात आली, पुढे मात्र वाढती टीका आणि घटता खप यांपुढे कंपनीस नमते घ्यावे लागले, आणि 2016 साली उंच, ठेंगणा व भरदार असे तीन नवे बांधे बाजारात आले. सुरक्षिततेच्या बाबतीत आपल्या सरकारनेही 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे केले आहे.

म्हणून सरसकट मनाई करण्यापेक्षा पालकांनी ते चिन्ह पाहावे, सुटे बूट-मणी तीन वर्षांखालील भावंडाच्या हाती लागू देऊ नयेत, आणि सर्व माणसांचे देह असे नसतात, हे मुलीशी मोकळेपणाने बोलावे. कारण बाहुलीचा आकार कारखाना ठरवितो, पण त्या आकाराचा अर्थ मूल घरातच शिकते.