थप्पीला लागलेल्या साखरेचे व्याज
उद्योगाचा हिशेब : भाग सहावा

साखर कारखान्याच्या गोदामाला बहुधा दोन कुलपे असतात, एक कारखान्याचे आणि दुसरे बँकेचे. आत पन्नास किलोच्या पोत्यांच्या थप्प्या पार वरपर्यंत गेलेल्या आणि दारावर पाटी : या गोदामातील माल बँकेकडे तारण आहे. व्यापाऱ्याचा ट्रक दारात उभा राहिला तरी बँकेत रक्कम जमा झाल्याशिवाय पोते हलत नाही.

ऊस, तोडणी-वाहतूक, पगार, रसायने, बारदान हे मागच्या भागांत पाहिलेले सगळे खर्च साखर पोत्यात भरेपर्यंत होऊन गेलेले असतात. पोते शिवून थप्पीला लागले की आणखी एका खर्चाचे मीटर सुरू होते. हा भांडवलाचा खर्च. तो गव्हाणीत दिसत नाही, वजनकाट्यावर मोजता येत नाही आणि वार्षिक सभेत त्यावर फारसे कोणी बोलतही नाही. पण भले भले कारखाने त्यानेच आजारी पाडले.

साखर धंद्यात तो इतका जाचक का ठरतो, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. गाळप जेमतेम चार-पाच महिने चालते, साखर मात्र वर्षभर विकायची असते. जून 2018 पासून कोणत्या महिन्यात किती साखर विकायची याचा कोटाही केंद्र सरकार ठरवून देते. दुसरीकडे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस आल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याचे पैसे चुकते करावे लागतात. पैसे लगेच द्यायचे, मिळवायचे मात्र सावकाश. मधली दरी कर्जाने भरली जाते.

आधी उसाचा आकडा पाहू. 2024-25 च्या हंगामासाठी 10.25 टक्के मूळ उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, होती. या उताऱ्याने टनभर उसातून 102.5 किलो साखर पडते. म्हणजे किलोभर साखरेत नुसत्या उसाचेच 33 रुपये 17 पैसे झाले. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी 2019 मध्ये 31 रुपये ठरली आणि त्या हंगामातही ती तेवढीच होती. बाजारभाव तिच्याहून वर असतो आणि मळी, बगॅस, वीज यांतूनही पैसा येतो, म्हणून गाडा चालतो. मात्र हाताशी उरणारी फट अरुंद आहे. व्याज नेमके त्या फटीत शिरते.

किती शिरते? समजा, क्विंटलचा भाव 3,600 रुपये आहे आणि बँक त्यावर 85 टक्के उचल देते. म्हणजे 3,060 रुपये. व्याजदर 11 टक्के धरला तर एका क्विंटलवर महिन्याला 28 रुपये व्याज पडते. मार्चमध्ये पोत्यात भरलेली साखर नोव्हेंबरात विकली, तर आठ महिन्यांचे जवळजवळ 225 रुपये. किलोला सव्वादोन रुपये! ज्या कारखान्याकडे पाच लाख क्विंटल साखर पडून आहे, त्याचे या हिशेबाने महिन्याला एक कोटी 40 लाख रुपये फक्त थांबण्यावर खर्च होतात. साठा टप्प्याटप्प्याने विकला जातो, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा दर महिन्याला उतरत जातो. तरीही नव्या हंगामाचे धुराडे पेटताना जुनी साखर शिल्लक असेल, तर दोन हंगामांचे व्याज एकमेकांवर चढते.

त्यात भाव पडला तर बँक साखरेचे मूल्यांकन कमी करते. काल ज्या क्विंटलवर 3,060 रुपये मिळत होते, त्यावर आज कमी मिळतात आणि आधी घेतलेली जादा उचल भरून द्यावी लागते. कारखान्याच्या हिशेब विभागात याला ‘शॉर्ट मार्जिन’ म्हणतात. नेमक्या अशा वेळी घाईने, पडत्या भावात साखर विकावी लागते.

कर्जाचे व्याज निदान नफा-तोटा पत्रकात दिसते. सभासदांच्या पैशाचा खर्च तिथे दिसतच नाही. 1950-51 मध्ये प्रवरेच्या कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, तो विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमवलेल्या भागभांडवलाच्या बळावर. पुढे कित्येक कारखान्यांनी ऊसबिलातून परतीच्या आणि बिनपरतीच्या ठेवी कापल्या. या रकमांवर लाभांश किंवा व्याज द्यावे लागले नाही, की संचालकांना तो पैसा फुकटचा वाटू लागतो. तो फुकट नसतो. त्याच पैशातून शेतकऱ्याने ठिबक केले असते, विहीर खोदली असती. ते उत्पन्न बुडाले, हीच त्या भांडवलाची किंमत आणि ती सभासद मुकाट्याने भरतो.

थकलेले ऊसबिल हेही भांडवलच आहे, शेतकऱ्याकडून न विचारता घेतलेले. 14 दिवस उलटले की त्यावर वर्षाला 15 टक्के व्याज द्यावे, असे तोच आदेश सांगतो. म्हणजे कायद्याच्या हिशेबात शेतकऱ्याचा पैसा आपल्या उदाहरणातल्या बँकेच्या पैशापेक्षा महाग आहे. व्यवहारात या व्याजासाठी संघटनांना वर्षानुवर्षे आंदोलने आणि कोर्टकचेऱ्या कराव्या लागल्या आहेत. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्य सरकारने एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा दिली. तो निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द केला. एकरकमी की टप्प्याटप्प्याने, हा वाद वरवर दराचा वाटतो. मुळात तो साखर विकेपर्यंतचे व्याज कोणी सोसायचे याचा आहे. शेतकऱ्याला ते सोसायला लावणे अन्यायाचे आहे, कारण सोसायटीचे पीककर्ज मुदतीत फेडले तरच त्याला व्याजसवलत मिळते. बिल लांबले, की त्याची ती सवलतही जाते.

भांडवल स्वस्त झाले की निर्णय कसे बदलतात, हे इथेनॉलने दाखवले. 2018 च्या योजनेत आसवनी प्रकल्पांच्या कर्जावर सहा टक्के किंवा बँकेच्या दराच्या निम्मे, यांपैकी जे कमी असेल तेवढे व्याज केंद्राने पाच वर्षे उचलले. बँकेचा दर दहा टक्के असेल तर कारखान्याला पाचच पडतात. आठ टक्के परतावा देणारा प्रकल्प दहाच्या दराने तोट्यात जातो, पाचच्या दराने उभा राहतो. महाराष्ट्रात असे बरेच प्रकल्प उभे राहिले.

मग 7 डिसेंबर 2023 रोजी, ऐन हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंदी घातली. आठवड्याभरात 17 लाख टन साखरेच्या मर्यादेत सूट मिळाली आणि निर्बंध उठायला ऑगस्ट 2024 उजाडले. थेट रसावर चालण्यासाठी बांधलेल्या आसवन्यांचे सारे गणित तेवढ्या काळात विस्कटले, कर्जाच्या हप्त्यांच्या तारखा मात्र पुढे सरकल्या नाहीत. प्रकल्प अहवालात व्याजदराचा रकाना होता, धोरण फिरण्याच्या जोखमीचा नव्हता. ती जोखीम दरात कशी धरायची, ते पुढच्या आठवड्यात.