भाकरी सोडली की वजन उतरते?

"डॉक्टर, मी पोळी-भाकरी पूर्ण बंद केली आहे," असे कौतुकाच्या अपेक्षेने सांगणारे रुग्ण हल्ली वरचेवर भेटतात. कोणी भात सोडलेला असतो, कोणी फळेसुद्धा. मोबाइलवर कोणाचे तरी व्याख्यान ऐकलेले असते, नाहीतर पुण्याच्या भाच्याचे महिन्याभरात पाच किलो वजन उतरलेले असते. पिष्टमय पदार्थ बंद करून वजन उतरवण्याची ही पद्धत प्रकृतीला चांगली की वाईट, असे विचारणारी वाचकांची पत्रेही आली आहेत. म्हणून आज हाच विषय घेतो.

कल्पना अजिबात नवी नाही. लंडनमध्ये विल्यम बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता. शवपेट्या व अंत्यविधीचे सामान पुरवणे हा त्याचा धंदा. अतोनात लठ्ठपणाने तो बेजार झाला होता. पाव, साखर, बटाटे व बिअर सोडल्यावर आपले वजन कसे उतरले, हे त्याने १८६३ साली एका पुस्तिकेत लिहिले. ती इतकी गाजली की खाणे आवरून बारीक होण्याला इंग्रजीत त्याच्याच नावाचा शब्द रूढ झाला. पुढे १९७२ साली अमेरिकेत डॉ. रॉबर्ट अ‍ॅट्किन्स यांनी हाच मार्ग नव्याने मांडला. आज 'केटो' म्हणून जे चालते ते याच घराण्यातले.

वजन उतरते हे खरे आहे. पण काय उतरते ते समजून घ्यावे. आपले यकृत व स्नायू मिळून साधारण अर्धा किलो साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतात आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. पिष्टमय पदार्थ बंद केले की हा साठा वापरला जातो व पाणी लघवीवाटे निघून जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारे दीड-दोन किलो बहुतांशी पाण्याचे. लग्नसराईत चार दिवस जेवलात की ते त्याच वेगाने परत येतात!

त्यानंतरची घट मात्र चरबीची असते. प्रथिने व स्निग्ध पदार्थ जास्त असले की पोट लवकर भरल्यासारखे वाटते. शिवाय भाकरीबरोबर बिस्किटे, फरसाण, जिलबी आणि दिवसातून पाच वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा हेही बंद होते. एकूण खाणेच कमी होते. श्रेय भाकरीच्या त्यागाला मिळते इतकेच.

हे टिकते का? अमेरिकेत ६३ लठ्ठ व्यक्तींवर केलेली एक पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. पिष्टमय पदार्थ कमी करणाऱ्यांचे वजन पहिल्या सहा महिन्यांत दुसऱ्या गटापेक्षा जास्त उतरले, पण वर्षअखेर तो फरक शास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. २०१८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने ६०९ जणांवर वर्षभराचा प्रयोग केला. तेल-तूप कमी करणाऱ्यांचे वजन सरासरी ५.३ किलोने, तर पिष्टमय पदार्थ कमी करणाऱ्यांचे ६ किलोने उतरले. हा फरक नगण्यच. दोन्ही गटांना साखर व मैदा टाळून भरपूर भाज्या खायला सांगितले होते. माझ्या मते खरे काम त्याने केले. दोन्ही गटांत काहींचे वजन खूप उतरले आणि काहींचे चक्क वाढले, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्याकडचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपले ताट धान्याने भरलेले असते. दोन-तीन भाकऱ्या, वर भाताचा डोंगर, बटाट्याची भाजी आणि तळ दिसेल इतके पातळ वरण! भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. तेव्हा ते कमी करा हा सल्ला आपल्याला लागू आहेच. पण किती? त्याच पाहणीच्या आधारे २०२२ साली नव्याने मधुमेह झालेल्यांसाठी जे प्रमाण सुचवले गेले ते ४९ ते ५४ टक्क्यांचे आहे, शून्याचे नव्हे. (आपला उपवास यात कुठे बसतो ते विचारू नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. एकादशीला खिचडीची दुसरी ताटली घेणाऱ्याने भाताला नावे ठेवू नयेत.)

कडक केटो आहारात दिवसाला २० ते ५० ग्रॅम पिष्टमय पदार्थांची मुभा असते. ज्वारीच्या ५० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतच सुमारे ३४ ग्रॅम असतात. म्हणजे दीड भाकरीत दिवस संपला. मग पोट भरायचे कशाने? मांस, अंडी, पनीर, लोणी यांनी. खर्च सोडा, पण चोथा कमी पडून बद्धकोष्ठता होते आणि काहींच्या रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढते. पंधरा हजारांहून अधिक अमेरिकनांच्या दीर्घकालीन नोंदींवरून २०१८ साली असे दिसले, की ५० ते ५५ टक्के पिष्टमय पदार्थ घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून फार जास्त व फार कमी घेणाऱ्यांत ते वाढलेले होते. कमी केलेल्या धान्याची जागा मांसाने घेतली की धोका जास्त, डाळी, शेंगदाणे, भाज्या यांनी घेतली की कमी. अशा नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, तरी दिशा कळते.

आता सर्वांत महत्त्वाचे. मधुमेहाची औषधे चालू असताना स्वतःच्या मनाने भाकरी बंद करू नका. माझे एक रुग्ण, किराणा दुकानदार, रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेत. त्यांनी धान्य सोडले, गोळी तीच ठेवली. चौथ्या दिवशी दुकानातच दरदरून घाम येऊन ते खाली बसले. बायकोने प्रसंगावधान राखून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली, म्हणून निभावले. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने आहार कमी करताना मात्राही कमी करावी लागते. ती किती, हे डॉक्टरांनी ठरवायचे.

दुसरा धोका अधिक फसवा आहे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. चांगली औषधे आहेत, मीही देतो. पण त्यांच्या जोडीला धान्य बंद केले तर रक्तात आम्ल साचून जिवावर बेतू शकते आणि तेव्हा साखर तपासली तर ती फारशी वाढलेली नसते! मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप असे काही झाले तर साखर ठीक आहे म्हणून घरी थांबू नका. रुग्णालयात जाऊन गोळीचे नाव सांगा आणि कीटोन तपासायला सांगा.

मूत्रपिंडाचा विकार असणारे, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि वाढीच्या वयातली मुले यांनी या वाटेला जाऊच नये.

बाकीच्यांना मी सांगतो ते साधे आहे. साखर, मैदा व बेकरीचे पदार्थ आधी बंद करा. तीन भाकऱ्यांची दीड करा, भात वाटीने मोजून घ्या, वरण घट्ट करा. मटकी, हरभरा, अंडे, ताक, पालेभाजी यांनी ताटाचा अर्धा भाग तरी भरावा. भाकरी ज्वारी-बाजरीची असावी, पण ती बाजरीची आहे म्हणून चार खाल्ल्या तर काही साधणार नाही. आणि घरातल्या बायकांनी उरलेले अन्न वाया जाऊ नये म्हणून संपवण्याची सवय सोडावी. कित्येकींचे वजन त्या शेवटच्या भाकरीनेच वाढलेले मी पाहिले आहे.

प्रगती काट्यावर रोज पाहू नका. कमरेचा घेर मोजा. पुरुषांत तो ९० सेंटिमीटरच्या व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत हवा. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरावी, श्वास सोडल्यावर माप घ्यावे. महिन्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी घेतले तरी पुरे.