चंद्रावर मुक्काम की बिऱ्हाड?

चंद्रावर माणसाने राहावयास जावे काय, हा प्रश्न पूर्वी कथाकादंबऱ्यांत शोभून दिसे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागात अलगद उतरला आणि तो प्रश्न आपल्या ओसरीवर येऊन बसला. तेव्हा त्याचा विचारही ओसरीवरूनच करावा.

वस्ती कशी होते, हे गोंदिया जिल्ह्यातील श्रोत्यांना मी काय सांगावे? आधी पाणी, मग गाव. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या, ओढे अडविले. तलावांखाली धानाच्या बांध्या झाल्या आणि त्यांच्या आधाराने गावे नांदली. नवेगावबांधचा तलाव याच परंपरेतला; कोलू पाटील कोहळी यांचे नाव त्याच्याशी जोडले जाते. चंद्रालाही हीच कसोटी लावून पाहू.

चंद्रावर पाणी आहे, यात आता शंका उरलेली नाही. २००८ साली निघालेल्या आपल्या चांद्रयान-१ वरील उपकरणाने त्याच्या खुणा टिपल्या व २००९ साली ते जाहीर झाले. ध्रुवांजवळ काही विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत; तेथे उणे २०० अंशांच्याही खालची थंडी असते. अशाच एका विवरात अमेरिकनांनी ऑक्टोबर २००९ मध्ये रॉकेटाचा रिकामा टप्पा आदळविला, तेव्हा तेथील मातीत वजनाने सुमारे साडेपाच टक्के पाणी असल्याचा अंदाज निघाला.

परंतु हा तलाव येवा नसलेला आहे! आपली बोडी वैशाखात आटली तरी मृगाकडे डोळे लावता येतात. चंद्राला मृग नाही. तेथले बर्फ अतिदीर्घ काळात साचलेले. उपसले की संपले. म्हणून घाम, मूत्र सारे गाळून पुन्हा प्यावे लागणार. अवकाश स्थानकावर २०२३ साली ९८ टक्के पाणी परत मिळविण्यापर्यंत मजल गेली. ही थोर कामगिरी होय. तरीही हिशेब करून पाहा. प्रत्येक फेरीस दोन टक्के घट धरली, तर पस्तीस फेऱ्यांत शंभर लिटरांचे पन्नासही उरत नाहीत.

मग ती रात्र. आपल्या चौदा दिवसांएवढी ती लांब असते. सप्टेंबर २०२३ मध्ये विक्रमला निजविले, तो पुन्हा उठला नाही. जानेवारी २०१९ मध्ये चिनी यानातील बंद डब्यात कापसाच्या सरकीला कोंब फुटला होता. आम्हा वैदर्भीयांना याचे अप्रूप वाटावे. पण रात्रीच्या थंडीने तो कोंबही गेला.

यंत्रे सुधारतील, हे मी मान्य करतो. माझी खरी अडचण निराळी आहे. चंद्रावर साठ किलोचा माणूस दहा किलोचा भासतो. अवकाश स्थानकावर, जेथे वजन भासतच नाही, तेथे भार वाहणारी हाडे महिन्याला सुमारे एक टक्क्याने झिजतात, म्हणून अवकाशवीर रोज व्यायाम करतात. चंद्राच्या सहाव्या हिश्श्याच्या ओढीत बाळ वाढेल काय, आणि मोठेपणी पृथ्वीवर आल्यास त्याची हाडे त्याला पेलतील काय, हे आज कोणीही सांगू शकत नाही. अवकाशवीर आपल्या मर्जीने जातो. तेथे जन्मणाऱ्या मुलाला कोण विचारणार? आणि ज्या ठिकाणी पाळणा हलत नाही, त्याला आपण गाव म्हणत नाही.

घरी खायला नसता चंद्राच्या गोष्टी कशाला, असाही आक्षेप असतो. चांद्रयान-३ ला सुमारे ६१५ कोटी रुपये लागले. एवढ्या खर्चावर ज्ञान मिळत असेल तर मी तो आक्षेप मानत नाही. वसाहतीच्या खर्चाला मात्र अंत नाही, आणि तेथे तो मला खरा वाटतो.

तेव्हा जावे, दगड तपासावे, दुर्बिणी लावाव्या व परत यावे. याचा नमुना आपल्याकडे आहेच. अंटार्क्टिकावर १९८९ पासून ‘मैत्री’ हे आपले ठाणे आहे. हिवाळी तुकडी तेथे वर्षभराहून अधिक काळ राहते, नंतर घरी परतते आणि दुसरी तुकडी तिची जागा घेते.