आधी भाकरी, मग बियाणे : उत्तर कोरियातील मदतकार्य आणि धम्माची दृष्टी

उत्तर कोरिया म्हटले की क्षेपणास्त्रे, लष्करी संचलने आणि एकाच घराण्याची सत्ता डोळ्यांपुढे येते. पण या देशात सुमारे अडीच कोटी माणसे राहतात, त्यांतली मोठी संख्या शेतीवर राबते आणि तीस वर्षांपूर्वी तिथे लाखो लोक अन्नावाचून मेले, हे आपल्याकडच्या बातम्यांत क्वचितच येते. त्या दुष्काळात मदतीला धावलेल्यांमध्ये दक्षिण कोरियातील बौद्ध भिक्खू आणि उपासकही होते. दुष्काळ का पडला, मदत कशी झाली आणि अशा राजवटीच्या देशाला मदत करावी की नाही, हे समजून घेणे बौद्ध म्हणून आपल्यालाही गरजेचे आहे.

दुष्काळ आकाशातून पडला नाही

उत्तर कोरिया हा डोंगराळ देश आहे. एकूण जमिनीपैकी जेमतेम सहावा हिस्सा लागवडीयोग्य आहे. हिवाळा लांब आणि कडक असल्यामुळे पिकांना मिळणारे दिवसही थोडे. भाताची सुपीक जमीन बहुतेक पश्चिम आणि दक्षिण भागात आहे. १९५३ साली युद्ध थांबल्यावर तिथल्या सरकारने धान्यात स्वयंपूर्ण होण्याचा ध्यास घेतला. सामूहिक शेती, विजेवर चालणारे पाण्याचे पंप, ट्रॅक्टर आणि भरपूर रासायनिक खत यांच्या जोरावर काही दशके उत्पादन वाढलेही.

पण ही शेती स्वस्तात मिळणाऱ्या परदेशी तेलावर उभी होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला आणि तेल रोख परकीय चलनात घ्यावे लागू लागले. तेल आटले, वीज आटली, खतांचे कारखाने मंदावले, पंप बंद पडले. १९९५ च्या उन्हाळ्यात प्रचंड पूर आले. शेते वाहून गेली, धान्याची कोठारे बुडाली आणि कोळशाच्या खाणींत पाणी शिरल्याने उरलीसुरली वीजही गेली. १९९६ मध्ये पुन्हा पूर आला, १९९७ मध्ये अवर्षण पडले. एरवी जगाकडे पाठ फिरवून बसलेल्या सरकारने १९९५ मध्ये उघडपणे मदत मागितली.

किती लोक मेले याबद्दल मतभेद आहेत. सरकारने सुमारे २ लाख २० हजार मृत्यू मान्य केले. लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासकांचा अंदाज ६ ते १० लाखांचा आहे, तर काही अंदाज त्याहून बरेच मोठे आहेत. सरकारी आकडा धरला तरी एका लहानशा देशासाठी तो भयंकर आहे.

इथे आपल्याला १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. पिके गेली, माणसे खडी फोडायला गेली, हाल सोसले, पण मोर्चे काढता आले, वर्तमानपत्रे बोलली, विधानसभेत प्रश्न विचारले गेले आणि सरकारला लाखोंच्या हातांना काम द्यावे लागले. लोकशाही आणि मुक्त वृत्तपत्रे असलेल्या देशात मोठा भूकबळी होत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन सांगतात ते याच अर्थाने. उत्तर कोरियात पाऊस चुकला तेव्हा विचारणारा कोणी नव्हता.

जन्मावरून ठरणारा शिधा

उत्तर कोरियात ‘सोंगबुन’ नावाची पद्धत आहे. आजोबा-पणजोबा जपानी राजवटीत आणि कोरियन युद्धात काय करत होते, यावरून कुटुंबाची श्रेणी ठरते. एकनिष्ठ, डळमळीत आणि शत्रू असे ढोबळ तीन वर्ग आहेत. जमीनदारांचे, दक्षिणेत पळून गेलेल्यांचे वंशज खालच्या वर्गात पडतात. शिक्षण, नोकरी आणि राहण्याचे ठिकाणही यावर अवलंबून असते. खालच्या वर्गातील अनेक कुटुंबांना राजधानीपासून दूर, ईशान्येच्या डोंगराळ प्रांतांत धाडले गेले.

लोकांचे पोट सरकारी शिधावाटपावर चाले. टंचाई सुरू झाली तेव्हा ईशान्येतील हाम्ग्योंग प्रांतांचा शिधा सर्वांत आधी आटला. सैन्य आणि राजधानी प्योंगयांग यांना प्राधान्य होते. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ मध्ये जाणूनबुजून दीर्घकाळ उपाशी ठेवण्याला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांत गणले. २०१७ च्या पाहणीतही हा फरक दिसतो. वयाच्या मानाने खुंटलेल्या उंचीची मुले प्योंगयांगमध्ये १० टक्के होती, तर उत्तरेकडील र्‍यांगगांग प्रांतात ३२ टक्के. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तिथे ही पायरी थेट ताटापर्यंत पोहोचली.

नदीकाठी उभा राहिलेला भिक्खू

दक्षिण कोरियातील भिक्खू पोम्न्यून सुनीम यांनी १९८८ मध्ये ‘जंगटो सोसायटी’ हा बौद्ध समुदाय सुरू केला. १९९६ मध्ये चीन आणि उत्तर कोरिया यांच्यामधील यालू नदीतून बोटीने जाताना त्यांना पलीकडच्या काठावर एक हडकुळे मूल दिसले. हाक मारूनही मुलाने वर पाहिले नाही. परदेशी माणसाकडे काही मागायची त्याला मुभा नाही, असे सोबतच्या वाटाड्याने सांगितले. भुकेल्या मुलाला मागण्याचाही अधिकार नाही, ही गोष्ट त्यांच्या मनात रुतली.

त्याच वर्षी त्यांनी बौद्धांची मदत संघटना उभारली. पुढे ती ‘गुड फ्रेंड्स’ नावाने ओळखली जाऊ लागली. कार्यकर्त्यांनी चीनच्या सीमेवर पळून आलेल्या शेकडो उत्तर कोरियन लोकांना भेटून घरात कोण कधी आणि कशाने गेले, याच्या नोंदी केल्या. जग आकड्यांबद्दल साशंक असताना दुष्काळाची व्याप्ती या नोंदींमुळे पुढे आली. ‘जेटीएस’ या त्यांच्या दुसऱ्या संस्थेने सीमेलगतच्या राजिन-सोनबोंग भागात लहान मुलांसाठी पोषक आहार आणि शेतीसाठी मदत पोहोचवली. या कार्यासाठी पोम्न्यून सुनीम यांना २००२ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या जेटीएसचे आपल्याशी जवळचे नाते आहे. बोधगयेजवळ डुंगेश्वरीच्या टेकडीपाशी, जिथे सिद्धार्थाने कठोर तप केले, तिथल्या प्रामुख्याने दलित वस्तीच्या गावांत या संस्थेने १९९४ मध्ये ‘सुजाता अकादमी’ ही शाळा सुरू केली. तपाने खंगलेल्या सिद्धार्थाला खीर देणाऱ्या सुजाताचे नाव त्या शाळेला आहे.

धान्य द्यावे की बियाणे?

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात महाविजित राजाची कथा येते. राज्यात चोऱ्या-लूटमार माजली तेव्हा शिक्षा करून उपयोग नाही, असे पुरोहिताने राजाला सांगितले. शेती करणाऱ्याला बियाणे आणि चारा, व्यापार करणाऱ्याला भांडवल आणि चाकरी करणाऱ्याला पुरेसे वेतन द्यावे, असा त्याचा सल्ला होता. मदत म्हणजे माणसाला पुन्हा त्याच्या कामावर उभे करणे, ही समज त्यात आहे.

उत्तर कोरियात अनेक संस्था याच वाटेने गेल्या. पहिली काही वर्षे धान्याला पर्याय नव्हता. भुकेने मरणाऱ्याला बियाणे देऊन चालत नाही. त्यानंतर शेतीची कामे सुरू झाली. त्यांतली काही आपल्याकडच्या शेतकऱ्यालाही लगेच कळतील अशी आहेत.

पहिले काम दुबार पिकाचे. तिथे मे-जूनपासून शरदातल्या कापणीपर्यंतचा काळ सर्वांत उपासाचा. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी भात किंवा मक्याच्या आधी त्याच जमिनीत गहू, बार्ली घेण्याला मदत केली. हे पीक जूनच्या सुमारास हाती येते, म्हणजे नेमके घरातले धान्य संपते तेव्हा. बटाट्याच्या रोगमुक्त बेण्यावरही काम झाले, कारण थंड डोंगराळ भागात बटाटा तग धरतो.

दुसरे काम भाताच्या रोपांचे. वाफ्यातून रोप उपटताना मुळे तुटतात आणि लावणीनंतर ते सावरायला वेळ घेते. उन्हाळा छोटा असलेल्या देशात हे दिवस मोलाचे असतात. अमेरिकेतील क्वेकर पंथीयांच्या संस्थेने चार सहकारी शेतांवर कप्प्यांचे प्लास्टिक ट्रे आणले. प्रत्येक रोप आपल्या कप्प्यातल्या मातीसकट निघते, मुळे शाबूत राहतात, बियाणे कमी लागते आणि पीक लवकर वर येते. वस्तू साधी, पण फरक पडला.

तिसरे काम उतारावरच्या जमिनीचे. दुष्काळात लोकांनी मक्यासाठी आणि सरपणासाठी डोंगर बोडके केले. मग पावसाने माती वाहून खालच्या भातखाचरांत आली आणि पुराचा धोका वाढला. स्वित्झर्लंडच्या विकास संस्थेने नंतर एका आंतरराष्ट्रीय वनशेती संस्थेला सोबत घेऊन गावोगावी गट बांधले. त्यांत गृहिणी आणि निवृत्त माणसे बरीच होती. उतारावर फळझाडे आणि चेस्टनट, आडव्या ओळींत झुडपे आणि मधल्या पट्ट्यांत पिके अशी रचना झाली. सगळी जमीन सरकारची असलेल्या देशात या गटांना उताराचा वापर करण्याचा हक्क मिळाला, ही लहान गोष्ट नाही.

जुलमी राजवटीच्या देशात मदत करावी का?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. आलेले धान्य सैन्याकडे किंवा अधिकाऱ्यांकडे वळते, परदेशी कार्यकर्त्यांना मोकळेपणाने फिरू दिले जात नाही आणि खरे गरजू दिसतच नाहीत, अशा तक्रारी पहिल्यापासून होत्या. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही नामांकित वैद्यकीय संस्था याच कारणाने १९९८ मध्ये बाहेर पडली. आपली मदत जुलमाला हातभार लावू नये, ही त्यांची भूमिका प्रामाणिक होती.

जागतिक अन्न कार्यक्रम मात्र थांबला. जिथे तपासणी करू दिली जाणार नाही तिथे धान्य जाणार नाही, असा नियम त्याने लावला. त्याने देशातच कारखाने उभारून मुलांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी पोषक बिस्किटे आणि मका-सोयाबीनचे मिश्रण तयार केले. वरच्या वर्गाला तांदूळ हवा असतो, म्हणून मका आणि बिस्किटे वाटेत गायब होण्याची शक्यता कमी, हा त्यामागचा व्यवहारी विचार होता. वळवलेले धान्यही बऱ्याचदा बाजारात येऊन भाव खाली आणते, असेही अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे गळती झाली तरी सगळे वाया गेले असे होत नाही. म्हणून गळतीकडे डोळेझाक करावी असेही नाही.

बाबासाहेबांनी धम्म सांगताना प्रज्ञा आणि करुणा यांची जोडी कधी सोडली नाही. प्रज्ञेशिवाय करुणा फसवली जाते आणि करुणेशिवाय प्रज्ञा उपाशी मुलाकडे बघून हिशेब मांडत बसते. धर्माने दारिद्र्याला पवित्र ठरवू नये, असेही त्यांनी १९५० मधील बुद्ध आणि त्यांच्या धर्माच्या भवितव्यावरील लेखात बजावले होते. राज्यकर्त्यांच्या अपराधाची शिक्षा त्यांच्या प्रजेला उपाशी ठेवून देणे धम्मात बसत नाही. दिलेले धान्य कुठे गेले हे न विचारणेही बसत नाही. मदत द्यावी, ती खालच्या थरापर्यंत जाईल अशा रूपात द्यावी आणि शेतापर्यंत जाऊन पाहण्याचा आग्रह धरावा, हा मार्ग या दोन्हींतून निघतो.

आज अडलेले कुठे?

आज हाच मार्ग दोन्ही बाजूंनी बंद आहे. अण्वस्त्र चाचण्यांमुळे संयुक्त राष्ट्रांनी निर्बंध कडक केले. डिसेंबर २०१७ च्या ठरावाने यंत्रे, लोखंड आणि इतर धातूंच्या वस्तू नेण्यावर बंदी आली. मानवतावादी कामाला सूट मिळते, पण पंपाचा सुटा भाग असो वा हरितगृहाचे पाइप, आधी समितीची परवानगी लागते. शेतीचा हंगाम कागदपत्रांसाठी थांबत नाही. पेरणी चुकली की वर्ष गेले.

दुसरीकडे, जानेवारी २०२० मध्ये कोविडमुळे उत्तर कोरियाने सीमा बंद केल्या. मार्च २०२१ पर्यंत संयुक्त राष्ट्रांचे सगळे परदेशी कर्मचारी देशाबाहेर गेले. दारे मिटली की बाहेरच्यांना शेत दिसत नाही, दवाखाना दिसत नाही आणि भूक किती आहे हेही मोजता येत नाही. २०२४ च्या पुरानंतर दक्षिण कोरियाने मदत देऊ केली, तीही स्वीकारली गेली नाही.

भारताचा प्योंगयांगमध्ये दूतावास आहे. २०२० मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेमार्फत तिथे १० लाख डॉलरची क्षयरोगाची औषधे दिली. बोलण्याची वाट शिल्लक असलेल्या मोजक्या देशांत आपण आहोत. बुद्धाची भूमी म्हणून आपण जगापुढे मिरवतो, तर त्या वाटेने औषधांसोबत बियाणे आणि शेतीचे ज्ञानही जावे, अशी मागणी भारतातील बौद्धांनी करायला हवी.

आळवी येथे बैल हरवलेला एक गरीब शेतकरी दिवसभर शोध घेऊन, उपाशीपोटी तथागतांच्या प्रवचनाला आला, अशी कथा आहे. तथागतांनी प्रवचन थांबवून आधी त्याला जेवायला वाढायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. तो कोणत्या राजाची प्रजा आहे, हे त्यांनी विचारले नव्हते.