शरणपूरचे आफ्रिकी

एकोणिसाव्या शतकात अरबी समुद्रातील गुलामवाहू गलबतांतून सोडविलेली आणि नाशिकजवळील शरणपूर या ख्रिस्ती वसाहतीत वाढविलेली पूर्व आफ्रिकी मुले. आफ्रिकेत परतल्यावर त्यांस ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ हे नाव मिळाले. समन्वेषकांच्या लेखनात त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असा येतो. मलिक अंबर (सु. १५४८–१६२६) व जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यामुळे महाराष्ट्रास ज्ञात असलेल्या हबशी परंपरेहून हा गट भिन्न होय. हबशी सरदार दख्खनमध्येच मुरले, तर खानदेशालगतच्या या जिल्ह्यात वाढलेल्यांपैकी अनेक जण आफ्रिकेत परतले.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारास बंदी केली, तरी झांझिबारहून अरबस्तानाकडे होणारी वाहतूक चालूच राहिली. आरमाराने पकडलेल्या गलबतांतील माणसे मुंबईस उतरविली जात. त्यांतील मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर येथे ठेवले. १८६० च्या सुमारास तेथे त्यांच्यासाठी आश्रम सुरू झाला. न्यासा सरोवराच्या परिसरातील याओ जमातीची मुले त्यांत बरीच होती. त्यांस इंग्रजी शिक्षण व लोहारकाम, सुतारकाम यांसारखे व्यवसाय शिकवीत. बाप्तिस्म्याबरोबर इंग्रजी नावे मिळाली, जुनी मागे पडली.

डेव्हिड लिव्हिंग्स्टनने १८६५ मध्ये येथून नऊ तरुण निवडले व १८६६ च्या जानेवारीत तो त्यांच्यासह मुंबईहून झांझिबारला गेला. त्याचा सहकारी चुमा हा याओही बरोबर होता. त्याचे शिक्षण मात्र शरणपुरास नव्हे, तर मुंबईस डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत झाले होते. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन प्रभृती आणखी सहा जण १८७२ मध्ये लिव्हिंग्स्टनला मिळाले. १ मे १८७३ रोजी चितांबोच्या गावी (सध्याच्या झँबियात) लिव्हिंग्स्टन निवर्तला. अनुयायांनी त्याचे हृदय तेथेच पुरले. त्या प्रसंगी वेनराइटने प्रार्थना वाचली व झाडावर लेख कोरला. मीठ लावून वाळविलेला देह त्यांनी सुमारे नऊ महिन्यांत बागामोयो बंदरापर्यंत पोहोचविला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत वेनराइट होता. या प्रवासाचे श्रेय चुमा व सुसी या दोघांनाच देण्याची प्रथा पडली आहे. ती अपुरी आहे.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीअर यांच्या १८७३ च्या शिष्टाईनंतर झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसले. तेथे शिक्षक, कारागीर व दुभाषी म्हणून शरणपूरच्या आफ्रिकींना नेण्यात आले, आणि नाशिकचा आश्रम ओस पडला.

जन्मभूमीत ही मंडळी परकीच ठरली. किनाऱ्यावरील स्थानिक समाजास त्यांचा पोशाख, भाषा व धर्म उपरा वाटे. गोऱ्या मिशनऱ्यांस त्यांची बरोबरीची अपेक्षा रुचत नसे. दर्जा व वेतन यांवरून तक्रारी होत. तरीही पळून आलेल्या गुलामांना राबाई येथे आश्रय देण्याच्या कार्यात त्यांचा वाटा मोठा होता. शरणपुरास लोहारकाम शिकलेला विल्यम जोन्स व त्याचा सहकारी इश्माएल सेमलर यांस १८८५ मध्ये धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत जगला. त्याचा मृत्यू मोंबासा येथे झाला.