होम्स यांची पत्रे आणि बुद्धीविषयीचा संशय

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स (१८४१–१९३५) आणि इंग्लंडमधील कायदेपंडित सर फ्रेडरिक पोलॉक यांचा पत्रव्यवहार १८७४ पासून १९३२ पर्यंत चालला, आणि वाचलेली पुस्तके, चाललेले खटले, ओळखीची माणसे अशा विषयांतून फिरत ही पत्रे पुन्हापुन्हा एकाच प्रश्नाशी येतात : माणसाच्या बुद्धीवर कितपत विसंबावे? पोलॉक भारतीय वकिलांना परके नाहीत, कारण मुंबईचे दिनशा मुल्ला यांच्यासह त्यांनी भारतीय करार कायद्यावर लिहिलेले भाष्य ‘पोलॉक आणि मुल्ला’ या नावाने आजही वापरात आहे.

या पत्रांतील होम्स निराश आहेत, परंतु त्यांची निराशा रडकी नाही. आपल्याला जे मानल्यावाचून राहवत नाही त्यालाच आपण सत्य म्हणतो, तेच विश्वाचेही सत्य असेल याला काही आधार नाही, असे ते मानत, आणि शांत डोक्याने विचार केला तर माकडाहून किंवा वाळूच्या कणाहून वेगळ्या जातीचे महत्त्व माणसाला का द्यावे हे कळत नाही, असेही त्यांनी पोलॉक यांना लिहिले. विश्वात अमुक गोष्ट अटळ आहे असे म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही, फार तर तिच्यावर पैज लावता येते, ही त्यांची भूमिका होती. या वृत्तीचे मूळ अनेक अभ्यासक अमेरिकेच्या यादवी युद्धात शोधतात. गुलामगिरीच्या विरोधाने भारलेले होम्स विशीत सैन्यात गेले, तीनदा जखमी झाले, आणि स्वतःच्या मताविषयी पूर्ण निःशंक असलेली माणसे अखेर एकमेकांच्या जिवावर उठतात हे त्यांनी जवळून पाहिले.

कायद्याकडेही त्यांनी याच नजरेने पाहिले. विधिमंडळाने न करता न्यायाधीशांच्या निर्णयांतून शतकानुशतके साचत गेलेल्या कायद्याला ‘कॉमन लॉ’ म्हणतात, आणि त्याच नावाच्या १८८१ च्या ग्रंथात होम्स यांनी दाखवले की हा कायदा तर्काच्या सूत्रांतून निघालेला नसून काळाच्या गरजा, प्रचलित नीतिकल्पना आणि न्यायाधीशांचे पूर्वग्रहसुद्धा त्याला आकार देत आले आहेत. तर्काने आपण निर्णयापर्यंत पोचतो असे न्यायाधीशाला वाटते, प्रत्यक्षात पुष्कळदा निर्णय आधी होतो आणि तर्क मागाहून येतो, हा या विवेचनाचा अस्वस्थ करणारा गाभा आहे.

अशा संशयातून काही फार मोलाचे निघू शकते, याचा पुरावा १९१९ च्या एब्रम्स खटल्यात मिळतो. रशियात अमेरिकी सैन्य पाठवण्याचा निषेध करणारी पत्रके न्यूयॉर्कमध्ये वाटणाऱ्या स्थलांतरितांपैकी काहींना वीस वर्षांपर्यंत तुरुंगवास ठोठावण्यात आला आणि बहुमताने तो कायम ठेवला, तेव्हा होम्स यांनी भिन्नमताचा, म्हणजे बहुमताशी असहमत न्यायाधीशाने स्वतंत्रपणे लिहायचा, निर्णय दिला. आज जे निर्विवाद वाटते ते उद्या चुकीचे ठरू शकते, इतिहासात कितीतरी लढाऊ श्रद्धा काळाने मोडीत काढल्या आहेत, म्हणून अप्रिय विचारालाही इतर विचारांशी झुंजण्याची मोकळीक हवी, असा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतःच्या बुद्धीवर संशय घेणारा न्यायाधीश दुसऱ्याच्या बोलण्याचे रक्षण कसे करतो, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल, आणि पुढील काळातील अमेरिकी भाषणस्वातंत्र्यावर त्याची खोल छाप पडली.

परंतु आठ वर्षांनी हेच होम्स वेगळ्या वाटेने गेले. ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्या व्यक्तींची सक्तीने नसबंदी करण्याचा व्हर्जिनिया राज्याचा कायदा, सदोष मानलेली माणसे प्रजननापासून रोखून वंश सुधारता येतो या तत्कालीन सुप्रजननशास्त्राच्या समजुतीवर उभा होता, आणि कॅरी बक या तरुण स्त्रीच्या खटल्यात १९२७ साली तो आठ विरुद्ध एक अशा मताने वैध ठरला. निकालपत्र होम्स यांनी लिहिले. तिच्या वकिलाने बचाव जवळजवळ केलाच नव्हता आणि ती मंदबुद्धी नव्हती, हे नंतरच्या संशोधनाने दाखवले; तरीही निकालपत्रात शंकेचा मागमूस नाही, उलट हॅरोल्ड लास्की या दुसऱ्या मित्राला लिहिताना होम्स यांनी या निर्णयाबद्दल समाधानच व्यक्त केले.

या विसंगतीचे कारण त्या संशयातच आहे. सगळीच तत्त्वे केवळ मानलेली असतील, तर दुबळ्या माणसाचा हक्कही मानलेलाच ठरतो आणि निवाड्याला उरतो तो केवळ बहुसंख्यांचा बळाधिकार. सरकारला गप्प करायची असलेली माणसे समोर आली तेव्हा होम्स यांच्या संशयाने सत्तेला रोखले. पण सत्ता विज्ञानाचे नाव घेऊन आली तेव्हा त्या विज्ञानावर मात्र त्यांनी संशय घेतला नाही. बुद्धीवरचा अविश्वास असा निवडक होऊ लागला की तो शहाणपण राहत नाही, तो क्रूरतेला मोकळी वाट देतो. म्हणून होम्स यांच्या पत्रांचे कौतुक करणाऱ्या प्रत्येक वाचकाने कॅरी बकचे निकालपत्रही वाचले पाहिजे. व्हर्जिनियाच्या गव्हर्नरांनी २००२ साली या नसबंदीबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली, मात्र अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय आजवर स्पष्ट शब्दांत रद्दबातल ठरवलेला नाही.